दामाजीपंतांची पावती



वाचकहो, फाल्गुन लागला की आमच्या वाशीम जिल्ह्यात दोन प्रकारची माणसे गावोगाव फिरताना दिसतात. हरभरा काढून मोकळी झालेली काही माणसे सप्त्याची वर्गणी गोळा करीत असतात. आणि मार्च महिना सरायच्या आत कुठे दानाची पावती मिळते का, हे पाहत काही नोकरदार फिरत असतात. पहिली माणसे मला लहानपणापासून ठाऊक आहेत. दुसऱ्यांची ओळख म्हातारपणी झाली. गळा थकल्यावर कीर्तन थांबले, तेव्हा गावाजवळच्या एका लहानशा वसतिगृहाच्या विश्वस्तांत लोकांनी माझे नाव घातले. आईबाप कामासाठी बाहेरगावी गेलेली, कोणत्याही जातीची, कोणत्याही धर्माची मुले तेथे राहतात, शाळेत जातात. या वसतिगृहाला आयकर कायद्याखाली दानाच्या सवलतीची मान्यता आहे, म्हणून मार्चमध्ये आमच्याकडे गुरुजी मंडळी येतात.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका गुरुजींनी दहा हजार रुपयांचा चेक माझ्यासमोर ठेवला आणि हसत हसत विचारले, "महाराज, आम्हाले सरकार निम्म्या रकमेची सूट देते. मंग पावती घेतली तं पुण्यही निम्मंच होते काय?"

बसलेले सगळे हसले. मीही हसलो आणि चहा सांगितला. पण उत्तर दिले नाही, कारण माझ्याजवळ नव्हते. आयुष्यभर दानावर बोललेला माणूस एका साध्या प्रश्नाला अडला. तेव्हापासून हा प्रश्न मनात घोळतो आहे. तो आज तुमच्यापुढे ठेवतो.

शास्त्र पाहू जावे तर उत्तर सोपे वाटते. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि परतफेडीच्या आशेने दिलेले ते राजस, हे तेथे स्पष्ट आहे. माउलींनी त्यावर दृष्टांत दिला तो दुभत्यावर डोळा ठेवून गाईला चारा घालणाऱ्याचा. एवढे वाचून कोणी म्हणेल, झाले, सूट मिळवण्यासाठी दिले ते राजस, विषय संपला. माझे काही जुने कीर्तनकार मित्र असेच म्हणतात. पण मी शेतकऱ्याच्या घरचा आहे. चारा घालणाऱ्याच्या मनात काय होते याचा निवाडा होत राहील. गाईचे पोट मात्र भरलेले असते. आमच्या वसतिगृहातल्या पोराला डाळ कोणत्या गुणाच्या पैशाने शिजली हे कळत नाही, आणि कळूही नये. म्हणून देणाऱ्याचे मन मोजण्याआधी पैशाचा हिशोब मोजावा असे मला वाटू लागले. हिशोब मला आमच्या खजिनदारांनी समजावून दिला. ते निवृत्त तलाठी आहेत.

गुरुजींनी दहा हजार दिले. जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्याच्या उत्पन्नातून, आमच्यासारख्या संस्थेला दिलेल्या रकमेचा निम्मा भाग, म्हणजे पाच हजार, वजा होतो. पाच हजार करातून नव्हे, उत्पन्नातून. येथेच पुष्कळांची गल्लत होते. गुरुजी वीस टक्क्यांच्या पायरीवर. म्हणजे कर वाचला एक हजार, त्यावरचा चार टक्के उपकर धरून १,०४० रुपये. खिशातून खरोखर गेले ८,९६०. आता सांगा, १,०४० रुपये वाचवण्यासाठी दहा हजार देणारा माणूस स्वार्थी म्हणावा, तर असला स्वार्थी आम्हाला रोज भेटो! ज्याला केवळ पैसा वाचवायचा आहे त्याने दान न देणेच फायद्याचे. मुख्यमंत्री सहायता निधीला दिले तर पूर्ण रकमेची सूट असते; तरीही याच गुरुजींचे २,०८० वाचतील, बाकीचे जातीलच. तेव्हा सवलतीपायी दान नासते, हा आक्षेप मी सोडून दिला.

पण एक गोष्ट सुटेना. ते १,०४० रुपये आले कोठून?

येथे मला दामाजीपंत आठवले. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचे आख्यान मी किती गावांत लावले असेल याची मोजदाद नाही. महिपतीबोवांच्या भक्तविजयामुळे ते घराघरांत गेले आहे, म्हणून विस्तार करीत नाही. दुष्काळ पडला, बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारे दामाजीपंतांच्या ताब्यात होती, ती त्यांनी भुकेल्यांना मोकळी केली. बादशहाने पकडून आणण्याचा हुकूम सोडला. तेव्हा पांडुरंग विठू महार झाला, काठी-घोंगडी घेऊन दरबारात गेला आणि धान्याची किंमत मोहरांनी मोजून दिली. देवाने धन्यासाठी महाराचा वेष घेतला, या जागी श्रोत्यांचे डोळे भरून येत, माझेही येत, आणि त्या भरात पुढची एक गोष्ट मी दोन वाक्यांत उरकून टाकीत असे. ती गोष्ट म्हणजे पावती. विठूने मोहरा देऊन बादशहाकडून भरणा झाल्याची पावती मागून घेतली, आणि पुढे दामाजीपंतांनी पाठासाठी गीतेची पोथी उघडली तेव्हा ती पावती त्यांना पोथीत सापडली.

देवाला पावती कशाला हवी होती? तरुणपणी मी सांगत असे की, भक्ताला संकटातून सोडवल्याचा तो पुरावा. आता वाटते, अर्थ आणखी खोल आहे. दामाजीपंतांनी जे वाटले ते पुण्याचे होते, पण त्यांचे नव्हते. देव बादशहाला असे म्हणाला नाही की, धान्य गोरगरिबांच्या पोटात गेले, आता हिशोब कसला मागतोस? त्याने आधी किंमत भरली. दान कितीही मोठे असले तरी ज्याच्या कोठारातून गेले त्याचा हिशोब चुकता व्हावा लागतो, आणि तो चुकता झाल्याची खूण म्हणजे पावती.

तुकोबारायांच्या चरित्रातही हेच आहे. सावकारीची खते इंद्रायणीत बुडवायला निघाले तेव्हा धाकट्या भावाच्या वाट्याची खते त्यांनी वेगळी काढून दिली आणि फक्त आपली अर्धी बुडवली, असे परंपरा सांगते. दुसऱ्याच्या वाट्याचे वैराग्य आपल्याला करता येत नाही.

तर ते १,०४० रुपये. ते कोठारातले आहेत. आजचे कोठार बादशहाचे नाही, आपल्या सगळ्यांचे आहे. त्यात मोठ्या पगाराच्या माणसाचा आयकर आहे, तसा आमच्या गावातल्या निंदणाला जाणाऱ्या बाईचाही पैसा आहे. ती आयकर भरत नाही असे आपण सहज म्हणतो; पण साबणाच्या वडीवर, लेकराच्या बिस्किटाच्या पुड्यावर जीएसटी भरतेच. गुरुजींना मिळालेली सूट म्हणजे त्या कोठारात तेवढे कमी पडले. कायद्याने तशी मुभा दिली आहे, म्हणून यात चोरी नाही. दामाजीपंतांना जी परवानगी नव्हती ती आपल्याला आयकर कायद्याने आधीच देऊन ठेवली आहे. पण परवानगी मिळाली म्हणून धान्य आपले होत नाही. गुरुजींच्या दहा हजारांत ८,९६० त्यांचे दान आणि १,०४० इतरांचे, त्यांच्या हातून गेलेले. पाटीवर मात्र नाव एकट्याचेच लागते!

माझ्या एका जुन्या श्रोत्याचा मुलगा अमेरिकेत अॅरिझोना राज्यात आहे. तो सुट्टीत आला असताना सांगत होता की, तिकडे राज्याने मान्य केलेल्या स्थानिक सेवा-संस्थेला ठरावीक मर्यादेपर्यंत दिलेला डॉलर अन् डॉलर राज्याच्या करातून वजा होतो. उत्पन्नातून नव्हे, थेट करातून. मी म्हटले, "म्हणजे तुझे काहीच गेले नाही. मग दान कोणी केले रे?" तो जरा विचार करून म्हणाला, "दान नाही म्हणता येणार, बाबा. पण नाहीतर तो पैसा राज्याच्या तिजोरीत गेला असता. आता माझ्या घराजवळच्या अन्नछत्रात जातो, आणि ते मी पाहू शकतो."

पोराचे उत्तर मला पटले. त्याने स्वतःला दाता म्हटले नाही. तो दामाजीपंतांच्या खुर्चीवर बसला आहे, कोठाराची किल्ली थोडा वेळ त्याच्या हाती आली आहे. आणि मग लक्षात आले की, आमचे गुरुजीसुद्धा १,०४० रुपयांपुरते त्याच खुर्चीवर आहेत. दाता म्हणून माणूस कोणालाही देऊ शकतो, डोळे मिटूनही देऊ शकतो, आपलेच आहे. कोठारवाल्याला ती मोकळीक नाही. त्याने पाहून द्यायला हवे.

म्हणून वाचकहो, पावती घेण्यात लाज मानू नका, पण पावती घेतली की पाहण्याची जबाबदारी आली. संस्था धर्मादाय कार्यालयात नोंदलेली आहे का, तिची सवलतीची मान्यता चालू आहे का, ती वर्षाचा हिशोब कोणाला दाखवते का, स्वयंपाकघरात धान्य दिसते का, हे जाऊन बघा. आमचा जिल्हा लहान आहे, १९९८मध्ये अकोल्यातून वेगळा निघालेला. मानोऱ्याहून रिसोडला जायचे म्हटले तरी एका दिवसात परत येता येते. लांबच्या गुळगुळीत जाहिरातीला दहा हजार पाठवण्याआधी जवळच्या संस्थेच्या ओट्यावर जाऊन एकदा बसावे. नियमही थोडे समजून घ्यावेत. दोन हजारांच्या वर रोख दिले तर सूट मिळत नाही. धान्य, कपडे, भांडी दिली तर त्याचीही सूट नाही. संस्थेने देणाऱ्याच्या पॅन क्रमांकासह यादी सरकारकडे भरून दानाचे प्रमाणपत्र द्यावे लागते. नुसत्या छापील पावतीवर आता भागत नाही.

आणि एक गोष्ट आपल्या संप्रदायाच्या माणसांना स्पष्ट सांगायला हवी. सप्त्याच्या पंगतीला, मंदिराच्या कळसाला दिलेल्या वर्गणीवर ही सवलत नाही. सरकारने नावानिशी जाहीर केलेली काही प्राचीन देवस्थाने सोडली तर ही सवलत धर्मकार्यासाठी नाहीच. आणि एखाद्याच धर्माच्या किंवा जातीच्या लोकांसाठी असलेल्या संस्थेलाही ती मिळत नाही. काही गावांत सप्त्याची वर्गणी दुसऱ्याच संस्थेच्या पावतीपुस्तकावर फाडली जाते. करणाऱ्यांना त्यात काही वावगे वाटत नाही, देवाचेच काम आहे म्हणतात. देवाच्या कामात खोटा कागद कशाला?

हे मी सोवळेपणाने सांगतो आहे असे समजू नका. माझेच पाऊल घसरत होते. चार वर्षांपूर्वी वैशाखात वावधान आले आणि वसतिगृहाच्या एका बाजूची टिनं उडून गेली. पावसाळा तोंडावर, हाती पैसा नाही. तेव्हा एक व्यापारी ओळखीने आले. बोलणे फार गोड. म्हणाले, मी तीन लाखांचा चेक देतो, तीन लाखांची पावती द्या, आणि दोन लाख सत्तर हजार मला रोखीने परत करा; तीस हजार तुमचे, टिनं टाकून घ्या.

खजिनदारांनी कागदावर मांडून दाखवले. तीन लाखांच्या निम्मे दीड लाख उत्पन्नातून वजा. तीस टक्के आणि उपकर धरून कर वाचणार ४६,८०० रुपये. त्यातले तीस हजार आम्हाला, आणि १६,८०० त्यांच्या खिशात. म्हणजे व्यापाऱ्याचे स्वतःचे एक पैसाही दान नाही. सगळे कोठारातले, आणि आम्ही किल्ली फिरवायला मदत करणार.

आणि मी, दामाजीपंतांचे आख्यान सांगणारा मी, त्या बैठकीत म्हणालो, "एकदाच करायचं आहे. लेकरांसाठी आहे. पांडुरंग समजून घेईल." हे वाक्य मी म्हटले होते, ते लपवून हा लेख लिहिणे मला बरे वाटेना. तिघे विश्वस्त माझ्या बाजूला वळले होते. माळकऱ्याने हो म्हटल्यावर इतरांना बळ येते; आपल्या गळ्यातली माळ अशाही कामी येते.

खजिनदार माळकरी नाहीत. ते एवढेच म्हणाले, "महाराज, हे दोन लाख सत्तर हजार मी कोणत्या खर्चात दाखवू? पोरांच्या जेवणात लिहू काय? न खाल्लेल्या पोळ्या?"

बैठक तेथेच उठली. व्यापारी रागावून गेले. त्या पावसाळ्यात अर्धी मुले गावच्या समाजमंदिरात झोपली. रात्री पाऊस आला की अंथरुणे उचलून कोपऱ्यात सरकायची. दोघांना थंडीतापाने धरले, त्यातल्या एकाला दवाखान्यात ठेवावे लागले. तीस हजार घेतले असते तर ते पोर कोरड्यात झोपले असते, हे मला त्याच्या उशाशी बसून मान्य करावे लागले. खरेपणाची किंमत आम्ही विश्वस्तांनी नाही, त्या पोराने दिली. या गोष्टीचे उत्तर मला आजही नीट सापडत नाही. फक्त एवढे कळते की, दामाजीपंतांनी उपाशी माणूस पाहून कोठार उघडले तेव्हा शिक्षेला स्वतःची मान पुढे केली होती. आम्ही कोणाचीही मान पुढे न करता कोठार उघडायला निघालो होतो.

टिनं दिवाळीनंतर पडली. सोयाबीन निघाले तेव्हा आजूबाजूच्या गावांतून कोणी एक कट्टा दिला, कोणी अर्धा, एका म्हातारीने पदरात बांधून पायलीभर आणले. ते विकून पैसे उभे राहिले. यांतल्या एकालाही सूट मिळाली नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाही, आणि असता तरी धान्याची सूट नाही. पावती पाहिजे का म्हणून विचारले तर म्हातारी म्हणाली, "कागद घेऊन काय करू? माह्या घरचे चुलीत घालतीन."

अशी माणसे पाहिली की सवलतीचा हा सगळा काथ्याकूट लहान वाटतो. आषाढीच्या वाटेवर शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी आमच्या जिल्ह्यात मेडशीपाशी येते, पुढे मालेगाव, शिरपूर, रिसोड अशी जाते. त्या वाटेवर भाकरी-पिठले घेऊन उभे असणाऱ्यांना कोणता कायदा ठाऊक असतो? गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः गाडगे आणि चिंध्या एवढ्यावर राहिले. पण म्हणून मी गुरुजींच्या चेकला कमी लेखणार नाही. वसतिगृहाचे वीजबिल सोयाबीनच्या कट्ट्याने भरता येत नाही, आणि महिन्याच्या किराण्याला ठरलेला पैसा लागतो. तो पगारदार माणसांकडूनच येतो.

येत असे, म्हणावे लागेल. २०२३-२४ पासून नवी करपद्धत आपोआप लागू होऊ लागली. जुनी हवी तर मागून घ्यावी लागते. नव्या पद्धतीत कर कमी, पण दानाची ही सूट नाही. २०२५-२६ पासून तर नव्या पद्धतीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत करच लागत नाही. म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गुरुजींना आता आमच्या पावतीचा काडीचा उपयोग उरला नाही. गाईने दूध देणे बंद केले आहे. चारा कोण घालतो ते आता दिसते. या मार्चमध्ये ओटा पुष्कळसा रिकामाच होता. काहींनी फोन करून प्रामाणिकपणे सांगितले, "महाराज, यंदा सूट नाही, म्हणून राहू द्या." मी त्यांना नावे ठेवत नाही. त्यांच्या तोंडून वर्षानुवर्षे संसाराच्या ओढाताणीतून आलेला पैसा आमच्या मुलांनी खाल्ला आहे.

पुण्य निम्मे होते का विचारणारे गुरुजी मात्र आले. मध्यंतरी एकदा मी त्यांना दामाजीपंतांच्या पावतीचा आणि १,०४० रुपयांचा हा सगळा हिशोब सांगितला होता, तो त्यांनी ध्यानात ठेवला होता. त्यांनी चेक पुढे केला. त्यावर आकडा होता ८,९६०.

मी आकड्याकडे पाहत राहिलो. ते म्हणाले, "पहिलेही माहे एवढेच होते, महाराज. बाकीचे दुसऱ्याइचे होते."

मी विचारले, "गुरुजी, आता तुम्हाला पावतीचं काम नाही. फाडू का?"

"फाडा," ते म्हणाले. "तलाठीबुवाले हिशोबात लागन ना."